गुरुवारचा मासा

आमच्याकडे मासा गुरुवारी यायचा आणि शुक्रवारी शिजायचा. मधली रात्र तो पाण्याच्या पिंपात काढायचा. हे मी आजही कुणाला सांगितलं की लोक हसतात, त्यांना वाटतं म्हातारी रंगवून सांगतेय. पण कारण अगदी साधं होतं. पिंपरी-भोसरीकडच्या कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळ्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून कधीतरी कुणीतरी तसं ठरवलं आणि ते तसंच चालत राहिलं. जगाचा रविवार तो आमचा गुरुवार. आणि चिखलीत आम्ही जिच्या खोलीत भाड्यानं राहायचो, ती सरूआक्का नेमकी गुरुवारी दत्ताचा उपास करायची. आम्ही बौद्ध, आम्हाला वाराचं काही नव्हतं, पण भिंत एक होती. त्या गावात आधी दोन घरांनी आमची जात विचारून दार लावून घेतलं होतं. सरूआक्कानं काही विचारलं नाही. कमरेवर हात ठेवून आमच्या सामानाकडे बघत एवढंच म्हणाली, "ऱ्हावा की. पर बेस्तरवारी माज्या भिंतीला मासळीचा वास लागता कामा न्हाई." माझ्या वडिलांना, दादांना, नदीवर जायला गुरुवारच मिळायचा. मग काय करणार? त्यांनी मासा जिवंत आणायला सुरुवात केली.

तो यायचा दुधाच्या कॅनमधून. अॅल्युमिनियमचा, झाकणाला बारीक भोकं पाडलेला कॅन. चाकणहून येणाऱ्या एस.टी.त दादा तो दोन पायांत धरून बसत. कुणी विचारलं, "काय हो, दूध का?" तर तोंडावरची रेष न हलवता सांगत, "व्हय, जरा उड्या मारतंय." मला हसू आवरायचं नाही आणि दादा मला कोपर मारायचे. घरी आलं की मासा पत्र्याच्या पिंपात. संध्याकाळी आई कंदील पुसत बसलेली, पलीकडे सरूआक्काची आरती चाललेली आणि मधूनच आमच्या पिंपातून धप्प असा आवाज. आई म्हणायची, "पाहुणे जागे आहेत." शुक्रवारी सकाळी भोंगा व्हायच्या आत आई वाटण वाटायला बसायची: ओली मिरची, लसूण, कोथिंबीर, भाजलेलं सुकं खोबरं, आणि वरून चिंचेचा कोळ. ते कालवण आणि तव्यावरून थेट ताटात आलेली बाजरीची भाकरी. आता मी ताथवड्याला अकराव्या मजल्यावर राहते, नातीच्या फोनवर बोट लावलं की दाराशी मासा साफ करून, तुकडे करून येतो. खाते मी. चांगला असतो. पण तो कुणाचा पाहुणा नसतो.

दादा मूळचे जुन्नरकडचे, नदीच्या काठी वाढलेले. मासे हातानं धरायचे, ओढ्याला बांध घालून धरायचे, ते सगळं त्यांना येत होतं. पण त्यांच्याकडे जी कला होती ती गावची नव्हती. ते मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत होते. मोटारी म्हणजे पंपाच्या, पंख्याच्या, विजेच्या. तिथं पत्रा कापायचे मोठे प्रेस बसवायला परदेशातून एक साहेब आला होता. त्याचं नाव मला कधीच नीट उच्चारता आलं नाही, म्हणून इथं लिहीत नाही. तो गुरुवारी कंटाळून जायचा. त्याला कुणीतरी सांगितलं की हा माणूस नद्या दाखवतो, आणि दोघांची जोडी जमली. त्याच्या गावाकडे म्हणे बर्फ वितळून नद्या धावायला लागल्या की ट्राउट नावाचा मासा वर येतो. ऊन, पाऊस, वारा, पुन्हा ऊन, असं सगळं एका दुपारात होतं, आणि अशा बिनभरवशाच्या हवेतच तो मासा पाण्यावरची माशी गिळायला तोंड काढतो. मग गळाला खरी माशी लावायची नाही, पिसांची बांधलेली खोटी माशी लावायची, आणि लांब दोरीनं ती पाण्यावर अशी टेकवायची की माशाला वाटावं, आभाळातूनच पडली. अर्धं इंग्रजी आणि अर्ध्या खुणा एवढ्यावर दादांनी ते सगळं उचललं. जाताना साहेब आपली काठी दादांना देऊन गेला. बांबूच्या कामट्या जोडून केलेली, हाताला पिसासारखी हलकी काठी, तिला चाक आणि दोरी, आणि एक पत्र्याची डबी, तिच्यात त्या माश्या.

ट्राउट काही आपल्याकडे नाही. पण चाकणच्या पलीकडे भामा नदीत खडशी होता, सोनेरी मोठ्या खवल्यांचा, आणि त्यालाही वरची माशी आवडायची. आमच्या दाराशी इंद्रायणी वाहत होती, पण देहू-आळंदीच्या मधल्या त्या पाण्यातल्या माशाला लोक हात लावत नसत, आणि दादांनीही कधी लावला नाही. म्हणून सायकलवर, मागे मी, मोशीवरून चाकण आणि चाकणहून पुढे. एस.टी. फक्त कॅन भरला तरच, सायकल टपावर टाकून. आज त्या रस्त्यानं गेलं तर कंटेनरच्या मागे कंटेनर उभे असतात आणि पोचायला जन्म जातो. तेव्हा भुईमुगाची रानं होती. मी पोरगी असून मला नदीवर का नेता, असं वस्तीत कुणी विचारलं की दादा म्हणायचे, "तिला गप्प बसता येत नाही, तेवढंच शिकेल." शिकले नाही ते सोडा. ते गांडूळ लावणाऱ्यांवर मात्र भलते चिडायचे. "भुकेल्याला जेवायला बोलावून मारायचं ते. माशी टाकली की बरोबरीचा खेळ. तो फसला तर फसला, नाहीतर रामराम."

मग मी अठरा वर्षांची झाले त्या वर्षी थंडीत दादांचा उजवा हात प्रेसखाली आला. ते प्रेसवर काम करत नसत, त्यांचं काम डाय बसवायचं, म्हणजे ज्या साच्यानं पत्रा कापला जातो तो मशीनमध्ये नीट आवळून द्यायचा. टूलरूममधला मानाचा माणूस. एक डाय तपासायला त्यांनी हात घातला आणि मशीन खाली आलं. अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट मुळापासून गेली. "दुखलं नाही," ते म्हणाले, "आवाजच आधी आला." त्या वेळी आमच्या भागात अशी बोटं गेलेली माणसं गल्लीगल्लीत होती, कुणाला त्याचं नवल वाटायचं नाही. पण आपल्या घरात ते आलं की नवल वाटतं. पट्टी सुटली तरी दादा तो हात टॉवेलखाली ठेवायला लागले. बोलायचे बंद झाले. जेवायला बसले की भाकरी मोडता येईना. एका हातानं भाकरी मोडून बघा, कळेल. डाव्या हातानं जेवायला त्यांचं मन घेईना. आईनं त्या दिवसापासून सगळ्यांच्याच ताटात भाकरी कालवणात कुस्करून द्यायला सुरुवात केली. मी एकदा म्हणाले, "मला अख्खी दे ना गं." आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं काला खाल्ला.

होळी होऊन गेली आणि कदम फोरमन घरी आले. उंचपुरे, मोठ्या आवाजाचे, दादांबरोबरच कंपनीत लागलेले. चहा बशीत ओतत म्हणाले, "रामभाऊ, असं किती दिवस बसणार राव? जयंतीच्या आधीच्या शुक्रवारी या. सगळ्यांसमोर एक डाय बसवून दाखवा, मी हो म्हणतो, मॅनेजर सही करतो. तुमच्यावाचून टूलरूम लंगडी झालीय." दादांनी विचारलं, "आणि नाही जमलं तर?" फोरमन बशीत बघत म्हणाले, "तर मग गेट. कंपनी काढणार नाही तुम्हाला. पण तुम्ही आणि गेटवर, काय बोलता?" खाकी घालून लोकांच्या पिशव्या तपासायच्या, पास बघायचे, गाड्यांना हात दाखवायचा. दादा आयुष्यभर हातानं जगलेले. त्यांना गेट म्हणजे हाताला कुलूप. फोरमन गेल्यावर ते भिंतीला टेकून बसले, आणि मी बघितलं की ते खुंट्यांवर आडव्या ठेवलेल्या त्या काठीकडे बघतायत.

आईच्या ते लक्षात आलं होतं. आईला मासा फारसा आवडत नव्हता, वाटण तेवढं पुसून खायची. ती दुसऱ्या दिवशी तवा घासत म्हणाली, "अहो, मला किनई खडशी खावासा वाटतोय." दादा म्हणाले, "बाजारात बघ." आई म्हणाली, "बाजारातला नको. उड्या मारणारा पाहिजे." किती वर्षं झाली त्याला, पण आईच्या त्या एका वाक्याला मी अजून मनातल्या मनात हात जोडते.

डबी उघडली तर साहेबाच्या माश्यांना कसर लागलेली. दोन शिल्लक, त्याही टकल्या. नव्या बांधायला दादा बसले. गळ चिमट्यात धरायचा, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळायचं, आणि वरून कंपनीच्या वायंडिंग खात्यातली, म्हणजे मोटारीवर तार गुंडाळतात तिथली, केसासारखी तांब्याची तार घट्ट लपेटून गाठ मारायची. त्या तीन बोटांत तार राहीना. पडली, उचलली, पुन्हा पडली. दादांनी चिमटा दारातून अंगणात भिरकावला. मी तो उचलून आणला, त्यांच्यासमोर मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, "सांगा." ते म्हणाले, "तुझ्यानं व्हायचं नाही." मी म्हणाले, "तुमच्यानं तरी कुठं होतंय?" आई चुलीपुढे गोठून गेली. बोटं गेल्यापासून पहिल्यांदा दादांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तोंड बघा कार्टीचं," ते म्हणाले. "धर तार."

मग रोज संध्याकाळी तेच. "घट्ट. अगं आवळू नको, पीस मोडतं. सैल नको, पाण्यात सुटेल. नुसतं बघून कळत नसतं, तार बोटाला कळली पाहिजे. आता थांब म्हणते ना ती? तिथंच थांबायचं." मला तार काही म्हणायची नाही. मी रडायचे, ओरडायचे, ते ओरडायचे. पिसं संपली. सरूआक्काचा एक तांबडा कोंबडा होता, असा डौलदार की गल्लीतून जाताना मालक तोच वाटायचा. मी त्याला कोपऱ्यात गाठून मानेचं पीस ओढलं आणि त्यानं आकाशपाताळ एक केलं. सरूआक्का झाडू घेऊनच आली. "का गं ए भवाने, माज्या कोंबड्याचं मानगूट का उपाटती?" मी खरं ते सांगितलं, दादांच्या हाताचं, फोरमनचं, शुक्रवारचं. तिनं झाडू टेकवला, कोंबड्याला काखोटीला मारून दाबून धरलं आणि म्हणाली, "घे. पर शेपटीचं न्हाई द्यायची. त्यो त्याचा तोरा हाय." त्या दिवशी बांधलेल्या माशीच्या वेळी मला पहिल्यांदा कळलं, तार थांब म्हणते. खरंच म्हणते. बोटाच्या पेराशी एक बारीक अडकल्यासारखं होतं, आणि त्याच्यापुढे गेलं की तुटतं.

फोरमनच्या शुक्रवारच्या आदल्या गुरुवारी आम्ही भामेवर गेलो. वस्तीत निळ्या पताका लावायला सुरुवात झाली होती, पोरं दोऱ्या बांधत ओरडत होती. सायकलचा ब्रेक दादांना धरवेना म्हणून जातानाही एस.टी.नं. सकाळी ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. नदी कमी झालेली, मधूनमधून वाळू उघडी पडलेली, पण करंजाच्या झाडांखाली एक डोह होता, काळानिळा, खोल, वरच्या बाजूनं त्यात पाण्याची बारीक धार पडत होती. आता तिथं वर धरण झालंय, तो डोह कुठं गेला कुणास ठाऊक. दुपारी वारा एकदम पडला. भामचंद्राच्या डोंगरामागून ढग डोकावला, ऊन गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. गरम हवेत मधेच एखादी गार झुळूक. दादांनी नाक वर करून वास घेतला. "साहेबाची हवा," ते म्हणाले. डोहावर बारीक पाखरं उडायला लागली आणि पाण्यावर इथं तिथं गोल उमटायला लागले.

पहिल्यांदा दोरी करंजात अडकली. दुसऱ्यांदा दादांच्याच टोपीत. मला हसू आलं आणि मी ते तोंडात पदर कोंबून दाबलं, कारण दादांच्या तोंडून जे शब्द निघत होते ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. मग त्यांनी काठी अंगठा आणि शेवटच्या दोन बोटांत धरून बघितली, मनगट थोडं वळवलं, आणि दोरी मागे गेली, हवेत सरळ झाली, पुढे आली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. तो सूंऽ सूंऽ आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. माशी डोहाच्या कडेला टेकली, पाण्याला कळलंसुद्धा नाही. थोड्या वेळात एक वीतभर मासा लागला, दादांनी अलगद ओढून घेतला आणि माझ्या कॅनमध्ये सोडला. त्यांचं तोंड उजळून निघालं होतं. "सुजे," ते म्हणाले, "हात आला गं." मी खडकावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. उद्या डाय बसणार, दादा टूलरूममध्ये जाणार, आमच्या घरात पुन्हा अख्खी भाकरी होणार, हे मला त्या क्षणी समोर दिसत होतं.

ढग पूर्ण वर आला तेव्हा मोठा लागला. नुसतं पाणी फुगलं आणि माशी गायब. चाक किर्रर्र ओरडायला लागलं. सोनेरी पाठ एकदा वर आली, दादांच्या हाताएवढी जाड, आणि मासा धारेकडे धावला. अशा वेळी काय करायचं ते मलाही पाठ होतं: त्याला धावू द्यायचं, दोरी बोटाखालून हलकेच सोडत राहायची, तो दमला की घ्यायची. दादांनी दोरी काठीसोबत उजव्या मुठीत घेतली. मी ओरडले, "सोडा दादा, सोडा!" ते म्हणाले, "सोडतोयच की!" आणि मी बघत होते, दोरी जागची हलत नव्हती, काठी वाकून वाकून पाण्याला टेकली होती. टप् असा आवाज झाला. काठी सरळ झाली. गोल विरत गेले आणि डोह पुन्हा काळानिळा झाला.

दादांनी दोरी गोळा केली. दोरीच्या शेवटची पातळ नायलॉनची तंगूस हातात घेऊन तिचं टोक बघितलं. तिला माशी मीच बांधली होती, म्हणून मी घाबरत विचारलं, "माझी गाठ सुटली का?" त्यांनी ते टोक माझ्यापुढे धरलं. "गाठ सुटली असती तर टोक कुरळं झालं असतं. हे सरळ आहे. तंगूस तुटली. तुझी गाठ त्याच्या तोंडात आहे अजून." मग ते खडकावर बसले. थेंब पडायला लागले होते, मोठे मोठे, तापलेल्या दगडावर चट्चट वाजणारे. दादा म्हणाले, "सुजे, हात दे." मी हात पुढे केला. त्यांनी उजव्या हाताच्या त्या उरलेल्या बोटांनी माझं मनगट धरलं. "मी काय करतोय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "दादा, दुखतंय." त्यांनी चटकन सोडलं. मनगटावर त्यांच्या बोटांचे पांढरे वळ उठले होते, ते हळूहळू तांबडे झाले. "मला वाटलं," दादा म्हणाले, "मी नुसता धरलाय."

पावसात भिजत आम्ही रस्त्यापर्यंत आलो. मी बडबडत होते, पुढच्या वेळी जाड तंगूस लावू, दुसरी काठी करू. एस.टी.त एका बाईनं विचारलं, दूध का हो? दादांनी नुसती मान हलवली.

घरी आल्यावर मासा पिंपात सोडला आणि दादा आईला म्हणाले, "उद्या मी फोरमनला नाही म्हणून सांगणार आहे." आईच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं. मी मात्र पेटले. "का? ते हो म्हणतायत, मॅनेजर सही करतोय, आणि तुम्हीच नाही म्हणणार? एक मासा गेला म्हणून? तो मासा होता दादा, मशीन नव्हतं!" पलीकडे सरूआक्काची आरती थांबली, इतका माझा आवाज. दादा अजिबात चिडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "डाय मी उद्या बसवीन. कदम हो म्हणेल, माझ्यावरच्या मायेनं म्हणेल. पण बोल्ट किती आवळलाय ते या हाताला कळत नाही. जास्त आवळला तर आटे जातात, कमी आवळला तर डाय हलते. आज तंगूस तुटली. तिथं तंगूस नसते सुजे, तिथं खाली कुणाचा तरी हात असतो." मी तरी म्हणाले, "सवयीनं कळेल." ते म्हणाले, "आणि कळेपर्यंत कुणाची बोटं घेऊ?" मला त्यांचा राग आला होता, अगदी मनापासून राग, कारण ते बरोबर बोलत होते. पिंपात मासा धप्प वाजला आणि या खेपेला आई काही म्हणाली नाही.

सकाळी आईनं कालवण केलं. दादांनी ताटात बघितलं, काला बाजूला सारला आणि म्हणाले, "मला अख्खी भाकरी दे. मोडीन मी." डाव्या हातानं भाकरी दाबून धरली, उजव्यानं ओढून ओढून मोडली. वेळ लागला, तुकडे वेडेवाकडे झाले, आम्ही दोघी ताटात बघत बसलो. मग टोपी घालून ते निघाले. जाताना पत्र्याची डबी उघडून त्यातली एक माशी खिशात टाकलेली मी बघितली. मला वाटलं, आठवण म्हणून घेतली असेल.

दुपारी परत आले तेव्हा फोरमन बरोबर होते. फोरमनचे डोळे लाल होते. मोठ्या आवाजाचा तो माणूस त्या दिवशी हळू बोलत होता. म्हणाला, "वहिनी, या माणसानं डाय बसवली. झकास बसवली. सगळे टाळ्या वाजवायला लागले तर म्हणतो कसा, थांबा, आता दुसऱ्या कुणाकडून बोल्ट तपासून घ्या. तपासले तर तीन इतके सैल की नुसत्या हातानं फिरले, चौथ्याचे आटे गेलेले. म्हणाला, बघितलंत? मला गेट द्या." दादांनी खिशातून माझी माशी काढून आईपुढे धरली. "हीपण दाखवली," ते म्हणाले. "वायंडिंगला बायका घेतायत, तर म्हणालो, ही तार कुणी लपेटलीय बघा आधी. सोमवारी बोलावलंय पोरीला." आई एकदम म्हणाली, "अहो, तिच्या लग्नाचं बघतोय आपण." दादा म्हणाले, "बघ की. तोवर काय हात मांडीवर ठेवून बसणार आहे?" मला विचारलं कुणीच नाही. पण विचारलं असतं तर मी हो म्हणायच्या आत दारातून बाहेर पडले असते.

वायंडिंगमध्ये मी पुढची सगळी वर्षं काढली. केसासारखी तार, हजारो वेढे, आणि बोटाच्या पेराशी ती थांब म्हणते तिथं थांबायचं. लग्न झालं, मुलं झाली, नोकरी सुटली नाही. आता संधिवातानं ही बोटं अशी झालीत की नातीची वेणी घालायची म्हटलं तरी ती म्हणते, "आज्जी, ओढतेस गं." ती हिंजवडीला कामाला असते. घरून काम असलं आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की चिडून घरभर फिरते, आणि मी मनात म्हणते, चिड बाई, हा आमचा नदीवर जायचा वार होता. साहेबाची काठी माझ्या कपाटावर आहे. भामेच्या त्या माशाच्या तोंडात माझी माशी किती दिवस राहिली असेल, याचा विचार मी अजूनही कधी कधी करते.

अजून आठवतो कामाचा तो पहिला दिवस. आईनं तिची जरीची निळी साडी मला नेसवली होती, हातात डबा, आणि कंपनीच्या गेटवर सकाळच्या पाळीची ही रांग. दादा त्याच आठवड्यात गेटवर रुजू झाले होते. घरातून ते माझ्या आधी निघाले होते, खाकी कपड्यांत, टोपी सरळ करून. माझा नंबर आला. मी हसून म्हणाले, "दादा." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. हात पुढे करून म्हणाले, "पास दाखवा बाई. मागं रांग लागलीय." मला ए सुजे नाहीतर ए कार्टे याशिवाय कधी हाक न मारणारा माझा बाप मला बाई म्हणत होता. मी पास दिला. त्यांनी तो उजव्या हातात, त्या उरलेल्या बोटांत धरला आणि मोठ्यानं वाचला, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सुजाता रामचंद्र. खातं, वायंडिंग." मग परत माझ्यापुढे धरला. मी तो घ्यायला गेले तर येईना. पुन्हा ओढला, तरी येईना. माझ्या मागची बाई म्हणाली, "अगं चल की." मी दादांकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरले होते आणि ते मिशीत हसत होते.

"ओढ जोरात," ते हळूच म्हणाले. "किती धरलंय ते मला कळत नाही."

मी दोन्ही हातांनी ओढला आणि आत गेले.